कुसाबाईच्या अंगातला झिपरूमामा

आमच्या पेठ रोडच्या कॉलनीत कुणाला उसण भरली, की माणूस डॉक्टरकडे नंतर जातो, आधी कुसाबाईच्या दारात जातो. बादली उचलताना कमरेत कळ आली, मान वळेना, बरगडीत धरलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता, वाटेत कुणाशी न बोलता तिच्या उंबऱ्यापाशी जायचं आणि पाठ करून उभं राहायचं. कुसाबाई आतून येते, पदर खोचते आणि दुखऱ्या जागी डाव्या पायाने हलकीशी लाथ मारते. तीनदा. मग म्हणते, "जा, चा पी." झालं काम.

कारण कुसाबाई पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून येताना तिचं डोकं नाही, पाय आधी आले. पायाळू माणसाच्या लाथेने उसण उतरते असं आपल्याकडे मानतात, आणि आमच्या अख्ख्या कॉलनीत पायाळू ती एकटीच.

मी हे मानत नाही. आधीच सांगून ठेवते, नंतर भानगड नको. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली, घरात देव्हारा नाही, नवस नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. उसण म्हणजे आखडलेला स्नायू. तो दोन-चार दिवसांत सुटतो, लाथ मारली तरी आणि न मारली तरी. हे मी कुसाबाईला तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, "मीनाताई, तुम्ही सुटंपर्यंत थांबा. ज्यांना घाई हाय त्यांना येऊ द्या." आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान, निवृत्त मास्तर. जयंतीच्या स्टेजवर अंधश्रद्धेवर मुठी आवळून बोलतात. एका हिवाळ्यात तेही मागच्या गल्लीने जाऊन लाथ खाऊन आले. मला ते कुसाबाईनेच सांगितलं, आणि सांगताना इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

ती हसते फार. बुटकी, काटक बाई, पण हसू सगळ्या गल्लीला पुरेल एवढं. मूळची सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. पायाळू माणसावर वीज पडते अशीही एक समजूत आहे, त्यामुळे लहानपणी आभाळ गडगडलं की शेतातली सगळी माणसं हिच्यापासून लांब पळायची. आणि ही काय करायची, तर मुद्दाम त्यांच्या मागे धावायची. "म्हातारी म्हातारी माणसं बी अशी पळायची, ताई!" असं म्हणून ती अजून दाखवते, लुगडं वर धरून.

लग्नानंतर द्राक्षांच्या कामाला नवऱ्याबरोबर निफाडला यायची, पुढे नाशिकलाच राहिली. नवरा गेला. मुलगा सुनील पेठ-सुरगाणा मार्गावर जीप चालवतो. कुसाबाईची नाक्याजवळ भाकरीची हातगाडी आहे. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची डाळ, लाल मिरचीचा ठेचा. पूर्वी शहरातली माणसं नागलीच्या काळ्या भाकरीकडे बघून नाक मुरडायची. आता तीच गाडीतून उतरतात आणि आरोग्याला चांगली म्हणून फोटो काढतात. कुसाबाई त्यांना म्हणते, "फोटो काढा, पण खा बी."

तर अशा या बाईच्या मागे चार-पाच वर्षांपूर्वी एक दुखणं लागलं, आणि ते दुखणंही असं की एका जागी बसेना. आज खांदा, उद्या गुडघा, परवा जबडा. सकाळी उठली की अंग लाकडासारखं ताठ. कधी मांडीवर नुसतं लुगडं घासलं तरी ती "आई गं" म्हणायची. झोप लागायची, पण झोपून उठल्यासारखं वाटायचं नाही. भाकरी थापता थापता हात थांबायचा, आणि तुम्ही "हात दुखतो का?" म्हणून विचारावं, तर तोपर्यंत दुखणं पोटरीत गेलेलं.

डॉक्टर झाले. रक्त तपासलं, लघवी तपासली, फोटो काढले. सगळं ठीक. एकाने सांगितलं वय झालं, एकाने सांगितलं मनाचं आहे, एकाने गोळ्या दिल्या त्याने पोट बिघडलं. सुनील बिचारा चांगला मुलगा, पण त्याचंही डोकं फिरायचं. "आई, तू एक जागा ठरव ना! म्हणजे मी डॉक्टरला नीट सांगीन." आमच्याकडे दुखण्यालाही एक पत्ता लागतो. रोज पत्ता बदलणाऱ्या माणसावर पोलीसही विश्वास ठेवत नाहीत, मग गल्ली कुठून ठेवणार? बायका आधी हळहळल्या, मग एकमेकींकडे बघायला लागल्या. "काल तर खांदा म्हणत होती." कुसाबाईला हे कळायचं. तिने त्यावरही विनोद केला. "काल खांद्यावर मुक्काम व्हता, आज घोट्यात उतरलंय. उद्या सुनीलच्या जीपमधी बसून सुरगाण्याला गेलं तं बरं." लोक हसायचे, तीही हसायची. मग घरात जाऊन भिंतीला टेकून बसायची. आमची भिंत एकच आहे, त्यामुळे मला माहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पाड्यावरून झिपरूमामा आला. नात्याने आईचा चुलतभाऊ, वयाने किती ते त्यालाही ठाऊक नाही. त्याने गाडीवर भाकरी खाल्ली, डाळ ओरपली, कुसाबाईचं सगळं ऐकून घेतलं आणि बिडी पेटवून निकाल दिला.

"तू लोकांच्या उसणी काढतीस. काढलेली उसण जाती कुठं? तुझ्याच अंगात शिरती. पण ती लोकांची. तिला तुझ्या अंगात घर नाय. म्हणून हिंडती."

सांगायला राग येतो, पण क्षणभर ते मलासुद्धा पटलं. कारण इतकी वर्षं एकाही डॉक्टरने दिलं नव्हतं असं उत्तर या म्हाताऱ्याने एका बिडीत दिलं होतं. दुखणं हिंडतं का, तपासणीत दिसत का नाही, सगळं जिथल्या तिथे बसत होतं. चुकीची गोष्ट इतकी चपखल बसली की ती उपटून काढणं कठीण.

कॉलनीला ते उत्तर पटलं आणि कॉलनी एकदम चांगुलपणाने वागायला लागली. बिचारीला आपली दुखणी कशाला द्यायची, म्हणून लोकांनी तिच्या दारात जाणं सोडलं. कमरेत वाकलेली माणसं तिच्या दारावरून भिंत धरून जायची आणि "काही नाही, काही नाही" म्हणायची. कुसाबाई सकाळी उंबऱ्यात बसून राहायची, आणि "जा, चा पी" म्हणायला कुणी यायचं नाही. दुखणं मात्र तसूभरही कमी झालं नाही.

त्याच सुमारास सून चैताली हिचे दिवस भरत आले. चैतालीची आई ती शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला जायला माहेर नाही. जे काही करायचं ते कुसाबाईनेच. बाळ शेवटपर्यंत पोटात पाय खाली करून बसलं, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. मुलगी झाली. छान, टपोरी, जावळ भरपूर.

आणि कॉलनीत वाद पेटला. पोटात पायाकडून बसलेलं, पण बाहेर ऑपरेशनने आलेलं बाळ पायाळू धरायचं की नाही? मागच्या गल्लीचं म्हणणं, धरायचं, कारण बाळाची इच्छा तीच होती. पुढच्या गल्लीचं म्हणणं, इच्छा कोण विचारतो, आधी बाहेर काय आलं ते सांगा. सुनीलला अडवून विचारलं तर तो म्हणाला, "मी तर बाहेर पेढे आणायला गेलो होतो." आमच्या साहेबांनी या विषयावर अर्धा तास शास्त्रीय विवेचन केलं आणि शेवटी म्हणाले की पुरावा अपुरा आहे.

या सगळ्या आनंदात एक गोष्ट खटकत होती. कुसाबाई नातीला हात लावत नव्हती.

बाकी सगळं करत होती. डिंकाचे लाडू, नागलीची आंबील, शेकायला शेगडी, धुरीला ओवा. पाणी तापवायची, पाट मांडायची, टॉवेल उन्हात घालायची. पण बाळाला न्हाऊ घालायला शेजारच्या गल्लीतली नवसाबाई यायची, आणि कुसाबाई दाराच्या चौकटीला धरून लांबून बघायची. कुणी बाळ पुढे केलं तर म्हणायची, "माझे हात पिठाचे हायेत." बरेच दिवस झाले तरी तिचे हात पिठाचेच.

एक दिवस चैताली माझ्याकडे आली आणि रडायलाच लागली. "मावशी, आईंना मुलगी नको होती. त्यांनी एकदा पण घेतली नाही हो तिला. मला आई नाही, मला वाटलं होतं त्या तरी…"

मी पदर खोचला आणि तडक नाक्यावर गेले. दुपारचं गिऱ्हाईक बसलेलं, जीपवाले भाकरी मोडत होते. मी कुणाची पर्वा केली नाही. "कुसाबाई, लाज वाटत नाही? मुलगी झाली म्हणून तोंड फिरवतेस? तू स्वतः कोण आहेस? आणि लोकांना लाथा मारून शहाणपण शिकवतेस?" शेवटच्या वाक्याला काही अर्थ नव्हता, पण रागात निघून गेलं. जीपवाले भाकरी खायचे थांबले.

कुसाबाईने तव्यावरची भाकर उलटली.

"मीनाताई, ती पोरगी मला लय आवडती," ती हळूच म्हणाली. "लय आवडती. ती रडती तवा माझ्या छातीत कालवतं. पण माझं दुखणं चालतं ना. खांद्यातनं गुडघ्यात जातं, गुडघ्यातनं बोटात येतं. मंग बोटातनं तिच्यात जायला काय वेळ लागतो? मी तिला तेल चोळीन आन ते उतरंल तिच्यात. एवढीशी हाय ती. तिला सांगता बी यायचं नाय, कुठं दुखतंय ते."

मला रडू आलं. भर नाक्यावर. एक जीपवाला उठला आणि त्याने मला पाण्याचा ग्लास दिला.

त्याच आठवड्यात मी तिला घेऊन गेले. माझ्याबरोबर कचेरीत असलेल्या एका बाईंनी सांगितलं होतं, की एका दवाखान्यात नुसत्या जुन्या दुखण्यांसाठी वेगळी डॉक्टर बसते. डॉ. स्नेहल. वयाने तरुण, आवाज शांत. तिने आधीचे सगळे कागद बघितले, मग ते बाजूला ठेवले आणि कुसाबाईला म्हणाली, "मावशी, आता तुम्ही सांगा. सावकाश सांगा."

कुसाबाईने सांगितलं. मध्येच थांबून ती म्हणाली, "तुम्ही मला एक जागा विचारली नाय."

"कशाला विचारू? ते एका जागेचं नाहीच," डॉक्टर म्हणाली.

तिने खांदे, मान, कोपरे, गुडघे सगळं हळू दाबून पाहिलं. झोप विचारली. कधी सुरू झालं ते विचारलं. कुसाबाई म्हणाली, "मालक गेले त्या साली."

डॉक्टरने या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. कुसाबाईने ते म्हणून बघितलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. मग डॉक्टरने साध्या शब्दांत सांगितलं. खांदा खराब नाही, गुडघा खराब नाही, म्हणून फोटोत काही दिसत नाही. पण दुखणं शंभर टक्के खरं आहे, सोंग नाही. शरीराला कुठे इजा झाली की मेंदूला खबर देणारा एक पहारेकरी असतो. तो जास्तच सावध झालाय. काही झालं नसतानाही ओरडतो, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने ओरडतो. तो ओरडतो तेव्हा तुम्हाला खरंच दुखतं.

एकदम कुसाबाईचे डोळे चमकले. "आगंबाई," ती म्हणाली, "हा तं झिपरूमामा!"

डॉक्टरला काही कळेना. कुसाबाई खुर्चीच्या टोकावर सरकली.

"आमच्या पाड्यावर झिपरूमामा भाताची राखण करायचा. माळ्यावर बसून. एका साली रानडुकरं आली आन सारं भात लोळवून गेली. तवापासून मामा असा घाबरला, पान हललं तरी बोंबलायचा. 'आली रे, वरच्या बांधाला आली!' आम्ही काठ्या घेऊन पळायचो. तिथं काय नाय. परत येतो तवर, 'खालच्या बांधाला!' पुन्हा पळा. तिथं बी काय नाय. साऱ्या पाड्याला नुसतं पळवलं त्याने."

"मामा खोटं बोलत होते का?" डॉक्टरने विचारलं.

"नाय नाय. त्याला खरंच वाटायचं डुकरं आली. घामानं भिजायचा बिचारा."

"मग तुम्ही काय केलं? मारलं त्यांना?"

"मारून कसं? आणखीन घाबरंल ना तो. माझ्या बापाने त्याला आधी पोटभर झोपवला. मंग रोज सांजेला कोणतरी त्याच्यासंगं जायचं. त्याला घेऊन शेताला एक चक्कर मारायची, दाखवायचं, बघ मामा, काय नाय. बसून दोन गप्पा मारायच्या. व्हता व्हता बोंब कमी झाली. पार नाय थांबली. कमी झाली."

डॉक्टर हसली. "मावशी, मी पण तुम्हाला हेच सांगणार होते. झोप नीट लागायला एक लहान गोळी देते. रोज थोडं चालायचं, जमेल तेवढंच. एका दिवशी बरं वाटलं म्हणून सगळं काम उरकायचं नाही, आणि दुखतंय म्हणून सगळं सोडून बसायचंही नाही. माणसांत राहायचं. बोंब कमी होईल. अजिबात थांबेल असं वचन देत नाही. नवीन काही वाटलं, ताप आला, सूज आली, तर मात्र लगेच यायचं."

"म्हणजे माझ्या अंगात झिपरूमामा बसलाय!" कुसाबाई हसायला लागली. तिचं ते खरं हसू. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावून बघायला लागली, कारण दुखण्याच्या खोलीतून असा आवाज येत नसावा. "आन त्यानेच मला सांगितलं, लोकांच्या उसणी अंगात शिरल्या म्हणून! जिथं तिथं बोंबलतोय मेला!"

"लोकांच्या उसणी त्यांच्या त्यांच्याच अंगात सुटतात," डॉक्टर म्हणाली. "त्यातली एकही तुमच्याकडे येत नाही."

"मी हेच वर्षानुवर्षं सांगतेय!" मी म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

मग कुसाबाईचं हसू थांबलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्याडम, लहान बाळाला लागणार नाय ना? माझ्या हातातनं?"

"नाही."

"तेल चोळलं तरी?"

"तेल चोळा, न्हाऊ घाला, रात्रंदिवस मांडीवर घ्या. हे असं लागणारं दुखणं नाही."

परत येताना रिक्षात ती गाणं गुणगुणत होती. मला वाटलं झालं, आता घरी पोचताच बाळ उचलेल. तिने चैतालीजवळ बसून सगळं सांगितलंही. चैताली आधी रागावली, "मला का नाही सांगितलंत? मी काय काय विचार केला!" म्हणून ओरडली आणि मग सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पण बाळ पुढे केलं, तेव्हा कुसाबाईचे हात अर्ध्यावर थांबले. डोक्याला पटलं होतं, हाताला पटलं नव्हतं.

तेव्हा तिने मला हाक मारली. "मीनाताई, आज माझी बोटं लय ठणकतायत. तुम्ही धरा बरं माझा हात. चांगला धरा. तेल चोळते तशी चोळते तुम्हाला. उद्या तुम्हाला काय नाय झालं, तं मी पोरीला घेते."

एवढंच ना, मी म्हणाले. तिने माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तेल लावून चोळले. छान चोळले. मी घरी आले आणि गाढ झोपले.

सकाळी उठले, गॅसचा सिलिंडर जरा सरकवायला वाकले आणि कमरेत अशी कळ आली की तिथेच ओट्याला लटकले.

उसण. आयुष्यात पहिल्यांदा. आणि कधी भरावी, तर नेमकी त्या सकाळी! आमचे साहेब म्हणाले, "जाऊ नकोस. आजारी आहे म्हणून सांगतो." मी म्हणाले, "आजारी आहे म्हणून सांगितलंत तर त्या पोरीला तिची आजी जन्मभर मिळायची नाही. बाजूला व्हा." भिंत धरून पायऱ्या उतरले. कुसाबाईच्या दारापर्यंत चेहऱ्यावर हसू चिकटवून, लष्करातल्या माणसासारखी ताठ चालत गेले. आयुष्यात इतकं खोटं मी कधी चालले नव्हते.

कुसाबाई उंबऱ्यात वाट बघत बसली होती. चैताली आत बाळाला घेऊन. पाणी तापलेलं, पाट मांडलेला.

"काही झालं नाही बघ मला!" मी म्हणाले. "अगदी ठणठणीत."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ही बाई आयुष्यभर उसण भरलेली माणसं बघत आलेली. तिच्यापुढे मी ताठ उभी.

"खाली ती वाटी पडलीय, जरा द्या बरं," ती म्हणाली.

मी वाटीकडे बघितलं. वाटी माझ्याकडे बघत होती. मी वाकले नाही.

चैतालीचा चेहरा पडला. मी घाईघाईने सिलिंडरचं सांगायला लागले, शपथ घेतली, साहेबांना साक्षीला बोलवते म्हणाले. कुसाबाईने हात वर करून मला गप्प केलं.

"कुठं धरलंय?"

"कमरेत. उजव्या बाजूला."

"उठल्यापासनं तिथंच? का कुठं गेलं व्हतं? खांद्यात? पोटरीत?"

"कुठे जाईल? तिथेच आहे. खिळा ठोकल्यासारखं."

"हलत नाय?"

"मीच हलू शकत नाही, ते काय हलणार!" मी वैतागून ओरडले.

कुसाबाईच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. ती चैतालीकडे वळली. "ऐकलंस का गं? ताईंचं बसलंय. एका जागी बसलंय! माझं कधी बसत नाय. माझं असतं तं आतापर्यंत मानेत गेलं असतं. हे माझं नाय! ही साधी उसण हाय, मला उसण वळखता येती!" आणि मग माझ्याकडे बघून, "फिरा मागं. चा घेतला का?"

"नाही," मी कबूल केलं.

"वाटेत बोलला का कुणाशी?"

"कळा येत होत्या, कुणाशी बोलणार?"

मी पाठ करून उभी राहिले. जन्मभर न मानलेली बाई त्या उंबऱ्यावर उभी, समोरच्या खिडक्यांतून सगळी गल्ली बघतेय, आणि आमचे साहेब दारात कपाळाला हात लावून. तीन लाथा बसल्या. तिसरी जरा जोरातच होती. दोन दिवसांनी कंबर सुटली. तशीही सुटलीच असती. पण मला लाथ मारूनही कुसाबाई हसत उभी आहे, हे खिडक्यांतल्या लोकांनी बघितलं आणि त्यांना तेवढं पुरलं. दुसऱ्या सकाळपासून कुसाबाईच्या दारात पुन्हा माणसं उभी.

"जा, चा पी," त्या सकाळी ती मला म्हणाली. पण मी गेले नाही. भिंतीला धरून तिथेच उभी राहिले.

कुसाबाईने हात धुतले, पुसले, पाटावर बसून पाय लांब केले. चैतालीने बाळाला तिच्या नडगीवर ठेवलं. बाळ आधी किंचाळलं, मग कोमट पाणी पाठीवर पडलं तसं गप्प झालं. कुसाबाई तेल चोळायला लागली. पोट, छाती, दंड, इवली इवली बोटं. तोंडाने पाड्यावरचं कुठलंतरी गाणं, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. बाळ टुकुटुकु बघत होतं. कुसाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती गात होती, दोन्ही एकदम.

न्हाणं झालं, धुरी झाली, बाळ दुपट्यात गुंडाळून तिच्या कुशीत झोपलं. ती मांडी न हलवता बसून राहिली. बराच वेळ गेला. मध्येच तिने दात आवळले, खांदा जरासा वर घेतला. चैतालीने ते बघितलं. ती पुढे वाकली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"आई, द्या आता. दुखत असेल तुम्हाला."

कुसाबाईने बाळाला आणखी जवळ ओढलं.

"दुखतंय," ती म्हणाली. "नाय देत."